मारिओला मिशी कशी फुटली?

आमच्या कोळगावात पालघर जिल्ह्याचं मुख्यालय आलं त्याच्या कितीतरी आधी मारिओ येऊन गेला होता. पिवळी कॅसेट, ती लागली नाही की खालच्या फटीत जोरात फुंकर, पुन्हा खटकन आत. टीव्हीवरच्या रेघा जाऊन निळं आभाळ दिसलं की आळीतली सगळी पोरं चिडीचूप. हे प्रकरण जपानी आहे, एवढंही तेव्हा माहीत नव्हतं. पुढे ते बनवणाऱ्यांच्या गोष्टी वाचल्या आणि कायमचा चाहता झालो, कारण कोंड्याचा मांडा करण्यात ही मंडळी आपल्या आज्यांच्या तोडीची निघाली.

मिशीचंच घ्या. १९८१ साली ‘डाँकी काँग’ या गेमसाठी शिगेरू मियामोतोंना एक गडी काढायचा होता आणि हाताशी होते मोजकेच ठिपके. तेवढ्यात तोंड धड दिसेना, म्हणून मोठं नाक आणि त्याखाली मिशी. केस काढले तर उडी मारताना ते हलवावे लागणार, म्हणून टोपी. हात अंगात मिसळून जाऊ नयेत, म्हणून दोन रंगांचे कपडे. नाव चिकटलं ते निन्टेंडो कंपनीच्या अमेरिकेतल्या गोदामाचे मालक मारिओ सेगाली यांचं. १९८५चा ‘सुपर मारिओ ब्रदर्स’ तर अख्खा ४० किलोबाइटांत बसवलेला! रोज सकाळी व्हॉट्सॲपवर येणारं सुप्रभातचं गुलाबाचं फूल याहून जड असतं. जागा वाचवायला ढग आणि झुडूप एकाच चित्रातून काढलं. पांढरं रंगवलं की ढग, हिरवं रंगवलं की झुडूप. त्या झुडपांपुढून मी शेकडो वेळा धावलो असेन, पण कधी लक्षात आलं नाही.

‘पॅक-मॅन’चं नाव मात्र थेट आपल्या पंगतीतलं वाटतं. जपानीत तोंडाची उघडझाप करत खाण्याला ‘पाकू-पाकू’ म्हणतात. आपलं बकाबका त्याचंच मावसभावंड शोभावं. तोरू इवातानींनी १९८०मध्ये हा खादाड बनवला. एक तुकडा उचललेला पिझ्झा पाहून तो सुचला, असं ते सांगायचे. आधीचं नाव होतं ‘पक-मॅन’. अमेरिकेत कुणी खोडसाळाने पहिलं अक्षर खरवडलं तर पाटीवर सरळ शिवी दिसेल, या धास्तीने ते बदललं. आणि चार भुतं म्हणजे चार स्वभाव: एक मागेच लागतं, दुसरं पुढून आडवं येतं, तिसऱ्याचा नेम नाही, चौथं जवळ येऊन घाबरून पळतं. अशी माणसं कोणत्याही आळीत मिळतील.

आता माझा लाडका माणूस, गुनपेई योकोई. मारिओची कंपनी निन्टेंडो १८८९ सालची, क्योतोची. तेव्हा आपले महात्मा फुले हयात होते. धंदा काय, तर फुलांची चित्रं असलेले हानाफुदा पत्ते बनवण्याचा. आपल्या सावंतवाडीच्या गंजिफाचे हे दूरचे सोबती. १९६५मध्ये योकोई तिथे लागले ते पत्त्यांच्या यंत्रांची देखभाल करायला. बोईसर एमआयडीसीत घरोघरी ज्याला ‘मेंटेनन्सवाला’ म्हणतात, तोच हुद्दा. रिकाम्या वेळात त्यांनी लांबून वस्तू पकडणारा घडीचा हात बनवला आणि नेमकं मालकांनी पाहिलं. आता नोकरी गेली म्हणायची! पण मालक म्हणाले, हे खेळणं म्हणून काढ. ते दहा लाखांवर खपलं.

पुढे शिंकान्सेनमध्ये, म्हणजे जपानी बुलेट ट्रेनमध्ये, कंटाळलेला एक प्रवासी कॅल्क्युलेटरची बटणं उगाच दाबत बसलेला योकोईंना दिसला. त्यातून १९८०मध्ये खिशातला ‘गेम अँड वॉच’ आला, कॅल्क्युलेटरसारख्याच स्वस्त पडद्यावर चालणारा. जुनं, स्वस्त झालेलं तंत्र घ्यायचं आणि डोकं नवं लावायचं, हा त्यांचा खाक्या. मुंबई-अहमदाबाद बुलेट ट्रेनचं एक स्टेशन बोईसरला होतंय. त्यात रिकामटेकड्यांकडे जरा नीट बघत चला.

काही गमती तर निव्वळ अडचणीतून आल्या. ‘स्पेस इनव्हेडर्स’मधले (१९७८) परग्रहवासी कमी होत गेले की वेग वाढतो, कारण तेवढे कमी काढायचे म्हटल्यावर बिचारं यंत्र हलकं व्हायचं, तोमोहिरो निशिकादोंनी ते तसंच राहू दिलं. एका वेळी फार सैनिक पडद्यावर मावेनात, म्हणून हिदेओ कोजिमांनी ‘मेटल गिअर’मध्ये (१९८७) लढाईऐवजी लपाछपी आणली. आणि ‘कॉन्ट्रा’त तीस जीव देणारं ते ‘अप अप डाउन डाउन’? काझुहिसा हाशिमोतोंना स्वतःचाच ‘ग्रॅडियस’ तपासताना जिंकता येईना, म्हणून त्यांनी स्वतःसाठी ठेवलेली ती चोरवाट!

याच कोजिमांच्या देखरेखीखाली २००३मध्ये आलेल्या ‘बोकताई’च्या कॅसेटवर ऊन मोजणारा सेन्सर होता. पिशाच्चं मारायची तर घराबाहेर उन्हात जा. पालघरच्या मे महिन्यात हा गेम कुणी खेळेल असं वाटत नाही.

तक्रार एकच, ‘स्ट्रीट फायटर’मधल्या आपल्या योगी धालसिमबद्दल. गळ्यात कवट्या, तोंडातून आग, रबरासारखे हात. योगासनांनी असं काही होत नाही हो!

प्लेस्टेशनच्या बटणांवरचे त्रिकोण, वर्तुळ, फुली आणि चौकोन तेइयू गोतोंचे. फुली सोडली तर बाकी तिन्ही आमच्या वारली भिंतीवर केव्हापासून आहेत: सूर्य-चंद्राचं वर्तुळ, डोंगर-झाडांचा त्रिकोण, लग्नचौकाचा चौकोन. जपानी लोकांनाही वारलीची गोडी आहेच. नीगाता प्रांतातल्या तोकामाचीच्या मिथिला म्युझियममध्ये ही चित्रं जपून ठेवली आहेत.

गेम आपल्याकडेही बनतात. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सने ‘राजी’ हा गेम २०२०मध्ये आधी निन्टेंडोच्याच स्विचवर आणला आणि त्यातली गोष्ट सावल्यांच्या बाहुल्यांतून सांगितली. आता वारल्यांच्या तारप्याच्या नाचाचा गेम मला कोळगाव-बोईसरच्या पोरांकडून हवा आहे. मारिओचे टप्पे मियामोतोंच्या चमूने आधी चौकटीच्या कागदावर काढले होते, आणि चौकटीची गणिताची वही तर प्रत्येक दप्तरात असते.