पाणवठ्यावर बाप-लेक

टिपेश्वर अभयारण्याची सुन्ना, माथनी आणि कोदोरी ही प्रवेशद्वारं अंधार पडायच्या आत बंद होतात. जिप्सी बाहेर, पर्यटक बाहेर. आत उरतं जंगल आणि गस्तीवरचे वनरक्षक. वैशाखी पौर्णिमेची रात्र मात्र याला अपवाद असते. त्या दिवशी उन्हं कलायच्या सुमाराला निवडक माणसांना गाडीतून आत नेतात, पाणवठ्याकाठच्या मचाणांवर चढवतात आणि सांगतात, ‘आता सकाळी गाडी येईस्तोवर खाली पाय ठेवायचा नाही.’ वन विभागाच्या पत्रकात या उपक्रमाचं नाव ‘निसर्गानुभव’ असं असतं. जुनी मंडळी अजूनही त्याला प्रगणनाच म्हणतात.

मचाणावर बसायला येणाऱ्यांत शिक्षक, डॉक्टर, दुकानदार, कॉलेजची पोरं असे सगळे असतात. यांतच अधूनमधून एखादी बाप-लेकाची किंवा बाप-लेकीची जोडी दिसते आणि तिची तयारी बहुधा इतरांपेक्षा जुनी असते. बाप एखाद्या वर्षी बसून आलेला, घरी येऊन त्यानं अस्वलाची गोष्ट चारदा सांगितलेली आणि लेकीनं तेव्हापासून ‘मला कधी?’ हा धोशा लावलेला. अगदी लहान मुलांना रात्री मचाणावर घेत नाहीत. वयाची अट किती, हे विभागागणिक आणि वर्षागणिक बदलतं. शिवाय जागा मोजक्याच. एका मचाणावर दोन-तीन माणसं, सोबत वन विभागाचा माणूस किंवा गाइड. त्यात २०२० आणि २०२१ ही दोन वर्षं करोनात गेली. त्यामुळे लेकीचं ‘मोठी झालीस की जाऊ’ कधीकधी फारच लांबतं.

अमेरिकेत बेसबॉलच्या स्टेडियममध्ये असाच एक प्रकार चालतो. सामना संपला की स्काउटची मुलं आणि त्यांचे आईवडील हिरवळीवरच तंबू ठोकतात, स्कोअरबोर्डच्या भल्यामोठ्या पडद्यावर सिनेमा बघतात आणि सकाळी नाश्ता करून घरी जातात. एरवी तिकीट काढून जिथे कठड्याबाहेर बसायचं, तिथे आत रात्रभर मुक्काम करायला मिळतो, हीच मुलांची खरी चैन. टिपेश्वरातही चैन तीच आहे. फक्त इथे सिनेमा किती वाजता लागेल आणि लागेल की नाही, हे कुणी सांगू शकत नाही.

वैशाखी पौर्णिमा, म्हणजे बुद्धपौर्णिमा, निवडण्यामागे साधा व्यवहार आहे. मे महिन्यात यवतमाळ जिल्ह्याचा पारा त्रेचाळीस-चव्वेचाळीसला टेकतो, नाले आटतात, डोह तळाला जातात. जंगलात मोजकेच पाणवठे उरतात: काही नैसर्गिक, काही सिमेंटचे उथळ बांधलेले आणि टँकरनं किंवा सौरपंपानं भरलेले. चोवीस तासांत बहुतेक जनावराला एकदा तरी तिथे यावंच लागतं. पौर्णिमेचा चंद्र सूर्य मावळताना उगवतो आणि सूर्य उगवताना मावळतो, म्हणून रात्रभर उजेड मिळतो. त्यात हे जंगल सागाचं. उन्हाळ्यात सागाची पानं झडलेली असतात, त्यामुळे चांदणं अडत नाही, थेट जमिनीवर पडतं.

टिपेश्वर हे पांढरकवडा आणि घाटंजी तालुक्यांतलं, १४८.६३ चौरस किलोमीटरचं अभयारण्य. टिपाई देवीवरून त्याला हे नाव मिळालं. १९९७ साली ते अभयारण्य म्हणून जाहीर झालं. नागपूर-हैदराबाद महामार्ग त्याच्या जवळून जातो, पलीकडे तेलंगणाची हद्द. आकारानं ताडोबा किंवा मेळघाटापुढे ते किरकोळच. पण इथला एक वाघ देशभर गाजला. २०१९च्या फेब्रुवारीत त्याच्या गळ्यात रेडिओ कॉलर बसवली होती. पावसाळ्याच्या तोंडावर तो स्वतःचा इलाखा शोधायला बाहेर पडला आणि महाराष्ट्र-तेलंगणातली शेतं, नाले, रस्ते ओलांडत डिसेंबरात बुलढाणा जिल्ह्यातल्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोचला. सुमारे तेराशे किलोमीटरची ही चाल लोकांना इतकी आवडली की त्याचं नावच ‘वॉकर’ पडलं. मचाणावर बसलेल्या मुलाला ही गोष्ट ठाऊक असते. समोरच्या पाण्यावर येणारा वाघ त्याचा भाऊबंद असू शकतो, एवढ्या कल्पनेनंच त्याची झोप उडते.

प्रत्यक्ष बसल्यावर पहिले दोन तास उन्हाचेच. मचाणाच्या लाकडालाही हात लावायची सोय नसते. भडक कपडे नकोत, अत्तर-पावडर नको, मोबाइलचा आवाज बंद, फ्लॅश तर नकोच नको. डब्यात वास न येणारं, कोरडं काहीतरी: दशम्या, गूळ, शेंगदाणे. आधी वानरांची टोळी येते, पाणी पिऊन पिल्लांसकट निघून जाते. मोर येतो तो इकडेतिकडे बघतच. उन्हं उतरली की चितळांचा कळप येतो, पण येता येता चारदा थबकतो. एक मादी पुढे होते, तोंड पाण्याला लावते न लावते तोच झटक्यात मान वर करते. सगळा कळप थांबतो. पुन्हा एक पाऊल. वीस फुटांचं अंतर कापायला त्यांना दहा-दहा मिनिटं लागतात. टीव्हीवर वन्यजीवन पाहिलेल्या मुलाला हा भाग कधी दिसलेलाच नसतो, कारण तो नेमका कापलेला असतो.

अंधार पडला की डोळ्यांचं काम बदलतं. माणसाचे डोळे अंधाराला सरावायला वीस ते तीस मिनिटं घेतात आणि एकदा मोबाइलचा पडदा उजळला की ती सगळी मेहनत पाण्यात. सरावल्यावरही रंग दिसत नाहीत, नुसते आकार दिसतात. मग कान पुढे येतात. वाळक्या सागाच्या पानावर मुंगूस चाललं तरी मोठं धूड आल्यासारखं वाटतं. कुठेतरी रातव्याची टकटक सुरू होते, टिटवी ओरडते. अस्वल आलं तर ते लपत नाही: फुसफुसत, पाचोळा उडवत येतं आणि पाणी पितानाही मोठा आवाज करतं. मे महिन्यात टेंभरं पिकलेली असतात, वारुळंही फोडायची असतात, त्यामुळे त्याची रात्र कामाचीच. वाघाची चाल याच्या बरोब्बर उलट. गादीसारख्या तळव्यांमुळे तो पानांवरूनही फारसा ऐकू येत नाही. तो येतोय हे दुसरेच सांगतात: वानराचं खकरणं, चितळाचा तीक्ष्ण कॉल, सांबराचा घोगरा ‘ढाँक’. सोबतचा वनमजूर हळूच हात दाबतो, ‘आता बोलू नका जी.’ आणि बरेचदा एवढ्यावरच ते संपतं. कॉल थांबतात, पाणी जागच्या जागी, कुणीच येत नाही.

नोंदीचा तक्ता बहुतेक बाप लेकीकडे देतात. वेळ, प्राणी, संख्या, नर की मादी, सोबत पिल्लं किती, असे रकाने असतात. रात्री नऊला एक रोही येतं, ती लिहिते. साडेअकराला पुन्हा एक रोही येतं, तिचं पेन थांबतं.

‘बाबा, हा मघाचाच ना?’

बापाला सांगता येत नाही. वनमजूरही खांदे उडवतो.

पाणवठ्यावरच्या गणनेत नेमकी हीच अडचण होती. एकच जनावर दोनदा येतं, किंवा एका पाणवठ्यावरून दुसऱ्यावर जातं आणि दोन तक्त्यांत चढतं. एखादं त्या रात्री येतच नाही. वाघांसाठी याच्या जोडीला पायाच्या ठशांची पद्धत होती. ओडिशातले वनाधिकारी सरोजराज चौधरी यांनी १९६०च्या दशकात ती बसवली होती: ठशावर काच ठेवायची, आकृती उतरवायची आणि ठशावरून वाघ ओळखायचा. १९७२ची देशातली पहिली व्याघ्रगणना अशीच झाली, तिच्यात सुमारे अठराशे वाघ निघाले आणि १ एप्रिल १९७३ला व्याघ्र प्रकल्प सुरू झाला. पण ठसा मातीप्रमाणे बदलतो, घेणाऱ्याच्या हाताप्रमाणेही बदलतो. राजस्थानातल्या सरिस्कात कागदावर वाघ होते आणि जंगलात एकही उरला नव्हता, हे २००५ साली उघड झालं तेव्हा या पद्धतीवरचा विश्वास उडाला. २००६पासून कॅमेरे आणि संख्याशास्त्राच्या मदतीनं अंदाज काढला जाऊ लागला. वाघाच्या अंगावरचे पट्टे आपल्या बोटांच्या ठशांसारखेच प्रत्येकाचे वेगळे असतात, त्यामुळे फोटोवरून तोच वाघ की दुसरा हे कळतं. त्या पहिल्या अंदाजात देशात १,४११ वाघ होते, महाराष्ट्रात १०३. २०२२च्या अंदाजात हे आकडे ३,६८२ आणि ४४४ झाले.

म्हणजे लेकीनं रात्रभर जागून भरलेल्या तक्त्यावरून वाघांची अधिकृत संख्या ठरत नाही. कोणते प्राणी कुठल्या पाण्यावर येतात, पिल्लं दिसली का, एवढी ढोबळ माहिती त्यातून मिळते. उपक्रमाचं नाव बदललं ते यामुळेच. मात्र मोजणी इतकी अवघड का असते, हे पेन हातात धरून साडेअकराच्या रोह्याकडे बघणाऱ्या मुलीला जेवढं कळतं, तेवढं पुस्तकातल्या धड्यानं कळत नाही.

अभयारण्याची हद्द ओलांडली की मचाणाचा अर्थच बदलतो. पांढरकवडा, राळेगाव, घाटंजी, मारेगाव, झरी जामणी या तालुक्यांत शेतात उभं केलेलं मचाण हे जागलीचं असतं. तुरीला शेंगा धरल्या, हरभरा घाट्यावर आला की रोही आणि रानडुकरं रात्रीतून वावर साफ करतात. मग बाप-लेक जेवून निघतात, शेकोटी करतात, डबे बडवतात, टॉर्च फिरवतात, आळीपाळीनं डुलकी काढतात. गव्हा-हरभऱ्याला पाणी द्यायचं तर कृषिपंपाची वीज बरेचदा रात्रीची, म्हणून तेव्हाही जागावंच लागतं. दिवसा वीज मिळावी ही इथल्या शेतकऱ्याची जुनी मागणी आहे. २०१७ साली सुरू झालेली मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना याच मागणीतून आली.

या मुलांना रात्रीचं जंगल बघण्यासाठी अर्ज करावा लागत नाही. चितळाचा कॉल आणि वानराचं खकरणं यांतला फरक त्यांना शाळेत जायच्या वयातच येतो. त्यांच्या बापांच्या रात्री कशा असतात, हे साऱ्या देशाला २०१८ साली कळलं. राळेगाव-पांढरकवडा भागात दोन वर्षांत तेरा माणसांच्या मृत्यूंचा संबंध ‘टी-१’ म्हणजेच अवनी या वाघिणीशी जोडला गेला होता. त्या दिवसांत जागल बंद पडली, गुराखी टोळीनं जाऊ लागले, उभं पीक डुकरांच्या हवाली झालं. २ नोव्हेंबर २०१८च्या रात्री तिला गोळी घातली गेली. तिचे दोन बछडे मागे राहिले होते. तिला मारण्यावरून देशभर वाद पेटला आणि तो न्यायालयातही गेला. गावांत मात्र त्या दिवशी लोकांनी सुटकेचा श्वास टाकला होता. यवतमाळहून किंवा नागपूरहून मचाणावर येणाऱ्या पालकांनी मुलांना ही बाजूही सांगितली, तर सोबतचा वनमजूर सांगतो त्या गोष्टी त्यांना जास्त कळतील. तो बहुधा शेजारच्याच गावचा असतो आणि हिवाळ्यात स्वतःच्या वावरात जागलीला बसतो.

ज्यांना जायचं असेल त्यांनी काही गोष्टी लक्षात ठेवाव्यात. पत्रक बुद्धपौर्णिमेच्या थोडे दिवस आधी निघतं आणि जागा झपाट्यानं भरतात. तेव्हा पांढरकवड्याच्या वन्यजीव विभागाकडे एप्रिलपासूनच चौकशी केलेली बरी. शुल्क, वयाची अट, जेवणाची आणि गाडीची सोय हे सगळं त्या वर्षीच्या पत्रकात पाहावं. टिपेश्वरात जमलं नाही तर उमरखेडकडचं पैनगंगा अभयारण्य आहे, शेजारच्या अमरावती जिल्ह्यात मेळघाटही आहे. ओळखपत्र, पाण्याच्या जास्तीच्या बाटल्या, पहाटेच्या गारव्यासाठी एक चादर आणि लघवीला मध्येच उतरता येत नाही याची मुलाला दिलेली पूर्वकल्पना, ही शिदोरी महत्त्वाची.

तारीखही पाहावी. बुद्धपौर्णिमा कधी मेच्या पहिल्या आठवड्यात येते, कधी शेवटच्या, आणि पाणवठ्यावरची गर्दी त्यावर अवलंबून असते. २०२३ साली ती ५ मेला आली, त्याआधी विदर्भात अवकाळी पाऊस झाला होता आणि त्या रात्री छायाकल्प चंद्रग्रहणही होतं. जंगलात जागोजाग पाणी असलं की जनावरं एका पाणवठ्यावर कशाला येतील? २०२४ची पौर्णिमा २३ मेची होती. २०२६ची १ मेला, महाराष्ट्र दिनाच्या सुटीला आहे आणि २०२७ची २० मेला. सुटी सोयीची हवी असेल तर पहिली, जनावरं जास्त दिसायला हवी असतील तर दुसरी.