गच्चीवरचा म्हातारा हमाल

मुलांनो, उन्हाळ्याच्या सुट्टीत आपल्या शहरातल्या निराला बाजारात किंवा सिडकोतल्या कॅनॉटला गेलात, तर एक गंमत करा. एखाद्या मोठ्या दुकानात पुढच्या दाराने शिरा. काय गार वाटतं! आता बाहेर येऊन दुकानाच्या मागच्या बाजूला जा. तिथे लोखंडी पेट्या घरघर करत असतात आणि गरम वाऱ्याचा झोत थेट तोंडावर येतो. ही गरमी आली कुठून? आतूनच! एसी थंडी तयार करत नाही. तो आतली उष्णता उचलतो आणि बाहेर नेऊन टाकतो. म्हणजे एसी हा एक हमालच.

तो ही उष्णता उचलतो तरी कशी? इंजेक्शन देण्याआधी नर्सताई दंडावर स्पिरिट लावतात तेव्हा कसं गार लागतं, आठवा. स्पिरिट उडून जाताना कातडीची उष्णता घेऊन जातं. एसीच्या तांब्याच्या नळीतही असाच एक द्रव असतो. आत त्याची वाफ होते, तेव्हा तो खोलीची उष्णता शोषतो. मग कॉम्प्रेसर ती वाफ दाबून खूप गरम करतो, बाहेरचा पंखा तिच्यातली उष्णता काढून घेतो, वाफेचा पुन्हा द्रव होतो आणि परत आत येतो. या पदार्थाला सगळे 'गॅस' म्हणतात. तोच गॅस वर्षानुवर्षे फिरत राहतो, पेट्रोलसारखा जळून संपत नाही. म्हणून कुणी म्हणालं, "एसीतला गॅस संपलाय," तर समजायचं की नळी कुठेतरी गळतेय.

आता एक गंमत ऐका. पहिला आधुनिक एसी माणसांसाठी नव्हताच, तो होता कागदासाठी! १९०२ साली अमेरिकेत ब्रुकलिनच्या एका छापखान्यात दमट हवेमुळे कागद फुगायचा, आणि एका रंगावर दुसरा रंग नीट बसायचा नाही. विलिस कॅरियर नावाच्या तरुण इंजिनिअरने हवेतला ओलावा काबूत ठेवणारी यंत्रणा आखून दिली. एसी मोजायचं 'टन' हे मापही बर्फाच्या जमान्यातलं आहे. सुमारे ९०७ किलो बर्फ चोवीस तासांत वितळताना जेवढी उष्णता शोषतो, तेवढी उष्णता काढणारं यंत्र म्हणजे एक टनाचं.

आपल्या मराठवाड्याची हवा उन्हाळ्यात कोरडी. त्यामुळे इथे कूलर झकास चालतो. त्यातलं पाणी भराभर उडतं आणि हवा गार होते. जूनमध्ये पाऊस पडला की तोच कूलर नुसता चिकचिक करतो, हे तुम्ही घरी पाहिलंच असेल. आपल्या पाणचक्कीत तर विजेशिवायचा गारवा आहे. तिथल्या मोठ्या हौदाचा तळ हेच खालच्या दालनाचं छत आहे. डोक्यावर पाणी, म्हणून ऐन वैशाखातही खाली गारवा! सहलीला गेलात तर त्या दालनाचा गारवा जरूर अनुभवा. बहुतेक मुलं कारंजी बघून परत येतात.

मुंबईत मात्र हवा दमट, तिथे कूलरची डाळ शिजत नाही. मोठ्या कचेऱ्यांना सगळ्या मजल्यांसाठी मिळून एक मोठी यंत्रणाच लागते. ही यंत्रणाही म्हातारी होते. नळ्यांत क्षार साचतो, जाळ्यांवर धूळ बसते, काम तेवढंच आणि वीज मात्र जास्त. मग ती बदलावी लागते. बऱ्याच ठिकाणी काय करतात? जुनी जेवढ्या टनांची, तेवढ्याच टनांची नवी आणून बसवतात. मला हे पटत नाही. पायाची मापं न घेता जुन्याच नंबरची चप्पल आणण्यासारखं आहे ते!

मुंबईच्या फोर्ट भागात गोदरेज भवन नावाची १९७२ साली बांधलेली इमारत आहे. २०१० मध्ये तिथली जुनी वातानुकूलन यंत्रणा काढून कमी वीज खाणारी नवी बसवली. पण तेवढ्यावर भागवलं नाही. खिडक्या आणि दिवेही सुधारले, गच्चीवर बाग केली. विजेची बचत अशी की, त्यासाठी केलेला खर्च पाच वर्षांच्या आत भरून निघेल असा हिशेब निघाला.

खिडक्यांचा आणि दिव्यांचा इथे काय संबंध? अहो, हमालाचं ओझंच कमी केलं! खिडकीतून ऊन आत येतं, तापलेल्या गच्चीतून उष्णता झिरपते, शंभर वॉटचा जुना दिवा शंभर वॉट उष्णता खोलीतच सोडतो. आणि माणूस? शांत बसलेला मोठा माणूसही साधारण शंभर वॉट उष्णता देतो. म्हणजे चाळीस माणसांची सभा ही चार हजार वॉटची शेगडी झाली. त्यांच्यासाठीच एक टनाहून मोठा एसी लागेल! (आमच्या वर्गात मधल्या सुट्टीनंतर किती लागेल, ते विचारू नका.) म्हणून आधी ऊन अडवायचं, दिवे बदलायचे आणि मग मोजून यंत्र घ्यायचं. बरेचदा ते लहानच पुरतं.

आता राहिला जुन्या यंत्रातला गॅस. खरी काळजी त्याचीच आहे. पूर्वीच्या यंत्रांत सीएफसी नावाचे गॅस असत. ते वर जाऊन ओझोनचा थर खातात, असा इशारा मोलिना आणि रोलंड या शास्त्रज्ञांनी १९७४ मध्ये दिला. १९८५ मध्ये अंटार्क्टिकावर ओझोनचं छिद्र आढळल्याची बातमी आली, आणि १९८७ मध्ये माँट्रियलला करार झाला. पुढे आलेला आर-२२ ओझोनला कमी त्रास देतो. पण एक किलो आर-२२ हवेत सुटला, तर शंभर वर्षांत सुमारे १८०० किलो कार्बन डायऑक्साइडइतकी उष्णता अडवतो. २०३० पर्यंत तोही जवळजवळ बंद व्हायचा आहे. काही नव्या घरगुती एसींत तर प्रोपेन असतो, म्हणजे आपल्या स्वयंपाकाच्या गॅसचा भाऊबंदच! तो पेट घेऊ शकतो, म्हणून अगदी थोडाच भरतात.

जुन्या यंत्राची नळी भंगारात कापली की 'फुस्स' होतं आणि गॅस निघून जातो. त्याला रंग नाही, वासही जवळजवळ नाही. त्यामुळे शेजारच्यालाही पत्ता लागत नाही. खरी रीत वेगळी आहे. एका छोट्या यंत्राने गॅस ओढून सिलिंडरमध्ये भरतात. तो स्वच्छ करून पुन्हा वापरता येतो. याला वेळ लागतो, म्हणून घाईत टाळलं जातं. तुमच्या ओळखीच्या दुकानात किंवा घरी जुना एसी काढायला मेकॅनिककाका आले, तर त्यांना चहा द्या आणि विचारा, "काका, यातला गॅस कशात भरणार?" जवळ सिलिंडर असेल, तर तो वजनकाट्यावर ठेवून किती गॅस निघाला, तेही ते तुम्हाला दाखवतील.