हमीचे उत्पन्न आणि त्याची पारख

गरिबाच्या हाती रोख पैसा दिला, तर तो व्यसनात उडवील किंवा बसून खाईल, ही शंका जुनी आहे. तिचे निरसन वादाने होत नाही. प्रत्यक्ष पारख करावी लागते. अशी पारख इंदूरच्या आसपासच्या खेड्यांत २०११ साली सुरू झाली.

'सेवा' या श्रमिक स्त्रियांच्या संघटनेने, युनिसेफच्या अर्थसाह्याने, आठ गावांतील प्रत्येक प्रौढास दरमहा २०० रुपये आणि प्रत्येक मुलामागे १०० रुपये विनाअट दिले. वर्षभराने ही रक्कम ३०० व १५० झाली. मुलांचा पैसा सहसा आईच्या हाती जाई.

परंतु घरात धान्य वाढले, ते या पैशाने की चांगल्या पावसाने, हे कसे ओळखावे? यासाठी पैसे न मिळालेल्या बारा गावांतही तीच पाहणी केली गेली. तुलनेअंती दिसले ते असे: दारूवरील खर्च वाढला नाही, मुलींचे पोषण सुधारले आणि अनेक कुटुंबांनी बी-बियाण्यांत, जनावरांत पैसा घातला.

श्रोतेहो, खरी कसोटी यापुढे आहे. त्या बारा गावांतील एखाद्या माउलीने विचारले, "आमची माहिती नेता, आम्हांला काय?" तर कार्यकर्त्याने खोटी आशा दाखवू नये. हमीच्या उत्पन्नाचा पुरस्कार करणाऱ्यानेच प्रतिकूल आकडाही लपवू नये. कारण प्रयोग संपतो, पैसे थांबतात; मागे राहते ती केवळ पाहणीची विश्वासार्हता. तिच्यावाचून त्या माउलीची बाजू मांडणार कशी?