उत्तर बरोबर, पण ते आले कसे?

पहिली-दुसरीला शिकवायला असे काय लागते, असा प्रश्न आजही सर्रास विचारला जातो. बाराखडी आणि बेरीज-वजाबाकी तर घरातल्या कुणालाही येते! असे म्हणणाऱ्यांनी सात-आठ वर्षांच्या एखाद्या मुलाला ४२मधून १७ वजा करायला सांगून पाहावे. कित्येक मुले ३५ लिहितात. उत्तर चुकले, एवढे सांगायला शिक्षक लागत नाही. पण ३५च का आले? मुलाने २मधून ७ जात नाहीत हे पाहिले आणि सरळ ७मधून २ घालवले. हे ज्याला ओळखता येते, तोच त्याला पुढची वाट दाखवू शकतो.

ही नजर पुस्तकातून येत नाही. ती मुलांच्या शेजारी बसून येते, आणि नेमकी तीच संधी नव्या शिक्षकांच्या एका पिढीला फार कमी मिळाली.

फोनवरचे सराव पाठ

मार्च २०२०मध्ये शाळा बंद झाल्या. महाराष्ट्राच्या ग्रामीण भागातील पहिली ते चौथीचे वर्ग त्यानंतर उघडले ते थेट १ डिसेंबर २०२१ रोजी. म्हणजे जून २०२०मध्ये पहिलीत नाव घातलेली बहुतेक मुले प्रथम वर्गात बसली, ती दुसरीत! त्याच काळात डी. एड. करणाऱ्या अनेक छात्राध्यापकांनी आपले सराव पाठ मोबाइलसमोर घेतले.

त्यांच्यापैकीच एक शिक्षिका २०२४च्या भरतीत जिल्हा परिषदेच्या शाळेत रुजू झाल्या. दुसरीचा वर्ग मिळाला. शाळा सुटली की पाठ टाचणाच्या वहीच्या मागच्या पानावर त्या दोन-चार ओळी खरडतात : आज कोण कुठे अडले, काय विचारल्यावर सुटले. साहेबांना दाखवायची ही वही नाही, म्हणूनच ती खरी आहे.

या पानांत एक गोष्ट वारंवार येते. सराव पाठाच्या वेळी मुलांच्या वहीचे फोटो यायचे, त्यात अक्षर सुबक आणि उत्तरे अचूक असायची. कधी पडद्याच्या कडेला आईचा हात दिसायचा, कधी मागून हळूच “तेवीस लिही” असे ऐकू यायचे. आईला दोष द्यायचा नाही. बाईंसमोर आपले मूल मागे पडू नये, असे कोणत्या आईला वाटणार नाही? मात्र त्यामुळे बाईंपर्यंत पोहोचायचे ते आईचे गणित.

पंचवीस की बावन्न?

मराठीत तर आणखी एक पेच आहे. आपण ‘पंचवीस’ म्हणतो, तेव्हा कानावर आधी पाच पडतो, मग वीस. लिहायचे मात्र आधी २, मग ५. साहजिकच काही मुले ५२ लिहितात. काही मुले आधी ५ लिहितात आणि मग त्याच्या डावीकडे जागा करून २ बसवतात. उत्तर बरोबरच दिसते! फोटोत या मुलात आणि न अडखळता लिहिणाऱ्या मुलात काडीचा फरक कळत नाही. वर्गात बाकाशेजारी उभे राहिले की क्षणात कळतो.

याच अडचणीपोटी २०१९मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणितात ‘वीस पाच’ असे वाचन जोड म्हणून देण्यात आले. त्यावरून केवढा गदारोळ झाला, विनोदांचा तर पाऊस पडला. विनोद करणाऱ्यांपैकी किती जणांनी दुसरीच्या वर्गात श्रुतलेखन घेतले असेल, कोण जाणे.

आपल्या शिक्षिकेने ३५च्या कोड्यावर उपाय शोधला तो खराट्याच्या काड्यांचा. दहा-दहा काड्यांचे चार गठ्ठे आणि दोन सुट्या काड्या. “यातल्या सतरा मला दे.” सुट्या दोनच आहेत म्हटल्यावर मूल क्षणभर थबकते, बाईंकडे पाहते आणि मग एका गठ्ठ्याचे रबर सोडते. तो थबकण्याचा क्षण महत्त्वाचा. तिथे बाईंनी बोलायचे नाही. वहीत त्यांनी याबद्दल लिहिले आहे, “गप्प राहणे हेच जास्त अवघड जाते.”

पडदा टाकाऊ नाही

याचा अर्थ मोबाइल आडव्या बोटाने दूर सारावा, असा नाही. २०२०मध्ये जागतिक शिक्षक पुरस्कार मिळवणारे सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडीचे रणजितसिंह डिसले यांनी पाठ्यपुस्तकांना क्यूआर कोडची जोड दिली, हे सर्वांना ठाऊक आहे. कविता चालीत ऐकायची असेल, समुद्र न पाहिलेल्या मुलांना लाट दाखवायची असेल, तर चित्रफितीसारखे साधन नाही. प्रश्न लहान मुलांना अक्षर आणि अंक शिकवण्याचा आहे. केंद्र सरकारच्या जुलै २०२०च्या ‘प्रज्ञाता’ मार्गदर्शिकेनेही पहिली ते आठवीसाठी दिवसाला ३० ते ४५ मिनिटांच्या दोनच तासिकांची मर्यादा सुचवली होती.

या काळाची किंमत ‘असर’च्या अहवालांत दिसते. ग्रामीण भारतात तिसरीतल्या १०० मुलांपैकी दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचू शकणारी मुले २०१८मध्ये सुमारे २७ होती, २०२२मध्ये ती २०च्या आसपास आली. २०२४मध्ये आकडा पुन्हा २७वर पोहोचला. म्हणजे सहा वर्षांनी आपण होतो तिथेच आलो आणि तेव्हाही १००पैकी ७३ मुले मागेच होती, हे विसरून चालणार नाही.

शाळा सुरू झाल्या तरी पालकांचे व्हॉट्सॲप गट काही बंद झाले नाहीत. रात्री नऊला गृहपाठाचे फोटो येतच असतात. या शिक्षिकेने आता गणितापुरते फोटो मागवणे थांबवले आहे. त्याऐवजी आठवड्यातून एकदा मुलाने एक उदाहरण कसे सोडवले, ते त्याच्याच आवाजात सांगायचे. अर्धा मिनीट पुरे. अडखळले तरी चालेल, चुकले तरी चालेल, फक्त घरच्यांनी मध्ये बोलायचे नाही. ज्यांच्या घरी असा फोन नाही, त्यांचे त्या दुसऱ्या दिवशी परिपाठानंतर व्हरांड्यात ऐकतात.

पहिल्या आठवड्यात जवळजवळ प्रत्येक ध्वनिफितीत मागून कुणीतरी उत्तर सांगत होते. आता एका आजोबांचा अपवाद सोडला, तर बाकीचे गप्प बसायला शिकले आहेत.