पायरी पाणी अडवते, माणसालाही

उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर. या पट्ट्यातल्या कुठल्याही बाजारात जा, जुनी दुकाने रस्त्यापासून दोन-तीन पायऱ्या वर दिसतील. ही काही हौस नव्हे. २६ जुलै २००५ला उल्हास आणि वालधुनी या नद्यांनी काय केले, ते इथला दुकानदार विसरलेला नाही. जोते उंच, तर माल कोरडा. पण जी पायरी पाणी अडवते, तीच कुबडीवर आलेल्या, चाकाच्या खुर्चीतल्या गिऱ्हाईकालाही अडवते.

कायदा या गिऱ्हाईकाच्या बाजूने आहे. १९९५च्या कायद्याने उताराची जबाबदारी सरकारवर आणि नगरपालिकांवर टाकली होती, तीही आर्थिक कुवतीप्रमाणे. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात मात्र लोकांचा वावर असलेली खासगी इमारतही आली. दंड पहिल्या खेपेस १० हजारांपर्यंत, नंतर ५० हजार ते ५ लाख. नियम नुसते शिफारशीपुरते असून चालणार नाहीत, किमान निकष सक्तीचे करा, असे सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२४मध्ये बजावले.

आता हिशेब मांडू. बँकेत उभी हयात गेल्याने ती खोड जात नाही. एक फूट चढायला बारा फूट लांबीचा उतार, हे प्रमाण. दीड फुटांच्या जोत्याला अठरा फूट हवेत! दहा फुटी गाळ्याच्या दारात लगेच गटार, पलीकडे रस्ता. उतार बाहेर काढला तर अतिक्रमण, आत घेतला तर माल ठेवायचा कुठे? दुकानदाराने करायचे तरी काय?

म्हणून हक्कच सोडून द्यायचा का? मुळीच नाही. रस्त्यावर उभे राहून ‘दाखवा हो’ म्हणणे वेगळे आणि आत जाऊन स्वतःच्या हाताने साडीचा पोत बघणे वेगळे. शिवाय गुडघे धरून चढणारे आम्ही साठीपलीकडचेही त्याच रांगेत आहोत. पायरी पाहून परत गेलेले गिऱ्हाईक कुठल्याच खतावणीत दिसत नाही. तो तोटा दुकानदाराला कळतही नाही.

अमेरिकेने १९९०च्या कायद्यात जुन्या दुकानांकडून फारशा अडचणीशिवाय आणि खर्चाशिवाय जमेल तेवढेच मागितले. छोट्या धंद्यांच्या अशा खर्चापैकी ठरावीक मर्यादेत निम्मा भाग करात सोडला. आपल्या कायद्यात दंडाचे आकडे आहेत, पण छोट्या दुकानाच्या उताराला हातभार लावणारे कलम नाही.

वाट निघू शकते. दहा दुकानांनी दहा उतार बांधण्यापेक्षा सलग ओटा करून टोकाला एकच उतार काढावा. गटारे आणि रस्ते नव्याने बांधताना पालिकेने त्याची जागा आखून द्यावी. बँकांनी त्यासाठी हप्त्याने छोटे कर्ज द्यावे. अंबरनाथचे शिवमंदिर १०६०चे. त्याच्या गाभाऱ्याच्या पायऱ्या आपण बदलू शकत नाही. दुकानाची फरशी आणि शटर मात्र दर काही वर्षांनी बदलतेच. गवंडी दारात आलेला असतो, त्याच दिवशी पायरीचाही विचार करावा. तेव्हा तो सर्वांत स्वस्त पडतो.