मोटारीचे नेहमीचे बिघाड : निदान आणि घरच्या घरी उपाय

कल्याणच्या कृषि उत्पन्न बाजार समितीच्या आवारात भाजीपाल्याचा व्यवहार भल्या पहाटे सुरू होतो. मुरबाड व शहापूर तालुक्यांतील भेंडी-काकडी असो, की माळशेज घाट उतरून येणारा जुन्नरकडील माल असो, तो वेळेवर पोहोचला तरच त्यास चांगला भाव येतो. पूर्वी जे काम बैलगाडी करीत असे, ते आज छोटा टेम्पो, पिकअप किंवा जीपगाडी करते. ही गाडी पहाटे तीन वाजता अंगणात सुरू झाली नाही, तर आदल्या दिवसाची तोडणी वाया जाते. घाटात तिचा ब्रेक गेला, तर माणसाच्या जिवावर बेतते.

बैल आजारी पडल्यास शेतकऱ्यास ते सांगावे लागत नाही. तो चारा सोडतो, रवंथ करीत नाही, डोळे मलूल होतात, आणि अनुभवी माणूस त्यावरून रोग ओळखतो. मोटारही बिघडण्यापूर्वी अशीच लक्षणे दाखविते. ती ओळखण्याची सवय मात्र आपण अद्याप लावून घेतलेली नाही. गाडी अडली की एक भाग बदलून पाहावयाचा, मग दुसरा, अशी अंदाजाने दुरुस्ती चालते व पैसा व्यर्थ जातो. निदान क्रमाने केले तर बरेचसे किरकोळ बिघाड घरीच दूर करता येतात आणि जे घरी करावयाचे नाहीत तेही वेळीच कळतात.

निदानाची रीत

इंजिन चालण्यास वीज, इंधन व हवा ह्या तीन गोष्टी लागतात. ते टिकण्यास पाणी व तेल ह्या दोन. बिघाड झाला की ह्यांपैकी कशाची उणीव आहे, एवढाच प्रश्न प्रथम विचारावा. नंतर पाहावे, ऐकावे, वास घ्यावा आणि शेवटी हात लावावा. गाडी आदल्या दिवशी कशी चालली, कोठे उभी होती, कोणी काही काम केले होते काय, हेही आठवावे. भाताच्या मळणीच्या दिवसांत कणगीजवळ उभ्या केलेल्या गाडीच्या तारा उंदीर कुरतडतात. तेव्हा बोनेट उघडून एकदा नजर फिरविल्यास बराच शोध वाचतो. सोपे व फुकटचे तपास आधी आणि खर्चाचे नंतर, हा नियम कधीही मोडू नये.

गाडी मुळीच सुरू होत नाही

किल्ली फिरविली असता काहीच होत नसेल किंवा नुसती टकटक ऐकू येत असेल, तर दोष बहुधा विजेचा असतो. पुढील दिवे लावून पुन्हा किल्ली फिरवावी. दिवे मंद होऊन विझू लागले तर बॅटरी उतरली आहे किंवा तिच्या टोकांशी जोड सैल आहे. दिवे प्रखर राहिले आणि एकच ठोका ऐकू आला तर सेल्फ किंवा त्याची तार तपासण्याची गरज आहे, असे समजावे.

बॅटरीच्या टोकांवर पांढरा-हिरवा थर साचला असेल तर तो वीज अडवितो. प्रथम ऋण टोकाची तार सोडावी, नंतर धन टोकाची. थर गरम पाणी व खाण्याचा सोडा लावून ब्रशने घासावा, कोरडे करावे आणि जोडताना धन टोक आधी व ऋण टोक शेवटी जोडावे. १२ व्होल्टची बॅटरी पूर्ण भरलेली व काही तास विसावलेली असल्यास सुमारे १२.६ व्होल्ट दाखविते; १२.२ दाखवील तर ती जवळजवळ अर्धी उतरली आहे. इंजिन चालू असताना १३.८ ते १४.४ च्या दरम्यान आकडा यावयास हवा. तो न आल्यास बॅटरीला दोष न देता डायनामो व त्याचा पट्टा पाहावा. अनेकदा नवी बॅटरी घेऊनही आठवड्यात पुन्हा तोच त्रास होतो, त्याचे कारण हेच असते.

दुसऱ्या गाडीच्या बॅटरीवर सुरू करावयाचे असेल, तर तीही १२ व्होल्टचीच असल्याची खात्री करावी. मोठ्या ट्रकची विद्युतरचना बहुधा २४ व्होल्टची असते. लाल तार दोन्ही बॅटऱ्यांच्या धन टोकांस जोडावी. काळ्या तारेचे एक टोक चांगल्या बॅटरीच्या ऋण टोकास आणि दुसरे बंद गाडीच्या इंजिनाच्या उघड्या लोखंडास, बॅटरीपासून दूर, जोडावे. बॅटरीतून ज्वालाग्राही वायू निघतो; म्हणून तिच्याजवळ बिडी अथवा काडी पेटवू नये.

इंजिन फिरते, परंतु चालू होत नाही

येथे वीज सेल्फपर्यंत पोहोचते आहे. आता इंधन व हवा पाहावी. टाकीत इंधन आहे काय, हा प्रश्न साधा असला तरी तोच प्रथम विचारावा, कारण काटा पुष्कळदा खोटे सांगतो. पेट्रोलच्या गाडीत फ्यूज व प्लग तपासावेत. प्लग ओला व काळा असेल तर इंधन येते पण ठिणगी नीट पडत नाही; कोरडा असेल तर इंधनच येत नाही.

कुर्ला येथे बनलेल्या प्रीमियर पद्मिनीसारख्या कार्ब्युरेटरच्या जुन्या गाड्या उन्हाळ्यात अडत, तेव्हा चालक पेट्रोलच्या पंपावर ओले फडके ठेवीत. नळीतील पेट्रोलची वाफ होऊन प्रवाह तुटलेला असे; फडक्याने ती निवून पेट्रोल पुन्हा वाहू लागे. उपाय लहान, परंतु कारण ओळखून केलेला. निदान म्हणतात ते हेच.

डिझेलची टाकी पूर्ण रिकामी झाली की नळीत हवा शिरते व नंतर डिझेल भरूनही इंजिन चालू होत नाही. जुन्या बनावटीच्या इंजिनात फिल्टरवरील हवा सोडण्याचा स्क्रू किंचित सैल करून हातपंप दाबीत राहावे. बुडबुडे थांबून डिझेलची अखंड धार आली की स्क्रू आवळावा. पावसाळ्यात फिल्टरच्या तळाशी पाणी साचते. तेही तळची चावी उघडून काढून टाकावे. कॉमन रेल पद्धतीच्या नव्या डिझेल इंजिनाची दाबनळी मात्र कोणीही सैल करू नये. तीत १००० बारहून अधिक दाब असतो आणि अशी धार कातडी भेदून शरीरात शिरू शकते.

इंजिन तापणे

तापमानाचा काटा चढू लागला की गाडी बाजूस घेऊन इंजिन बंद करावे. थांबण्यास जागा नसेल तोवर वातानुकूलन बंद करून हीटर पूर्ण सोडावा. त्यायोगे इंजिनाची काही उष्णता बाहेर पडते. रेडिएटरचे झाकण तापलेले असताना कदापि उघडू नये. आतील पाणी दाबाखाली असल्याने १०० अंशांच्या वर जाऊनही उकळलेले नसते. झाकण सुटताच त्याची वाफ होऊन ते तोंडावर उसळते. किमान अर्धा तास थांबावे. लालबुंद तापलेल्या इंजिनावर किंवा त्याच्या आत गार पाणी ओतू नये. त्याने ओतीव लोखंडास तडा जातो.

इंजिन निवल्यावर कूलंटची पातळी, रबरी नळ्या, पंखा व पट्टा पाहावा. मळणीच्या हंगामात रेडिएटरच्या जाळीत पेंढ्याची कुसे व भुसा अडकून हवेची वाट बंद होते. हे कारण सर्वांच्या समोर असूनही नजरेतून सुटते. जाळी मऊ ब्रशने व हलक्या धारेने साफ करावी. कूलंट वारंवार कमी होत असेल आणि बाहेर कोठेच गळती नसेल, तर ते इंजिनाच्या आत जात आहे; अशी गाडी न चालविता मिस्त्रीकडे न्यावी.

धूर, गळती व दिवे यांची भाषा

काळा धूर म्हणजे इंधन जास्त अथवा हवा कमी. प्रथम हवेचा फिल्टर झटकून पाहावा. निळसर धूर म्हणजे इंजिन ऑइल जळते आहे. थंडीच्या सकाळी थोडा पांढरा धूर निघणे स्वाभाविक आहे. परंतु तो टिकून राहिला व कूलंटही घटले, तर हेडगॅस्केट गेल्याची शंका घ्यावी.

गाडी रात्रभर उभी असेल तेथे खाली जुने वर्तमानपत्र पसरावे. स्वच्छ पाणी वातानुकूलन यंत्राचे असते व त्याची चिंता नाही. हिरवा किंवा गुलाबी डाग कूलंटचा, काळपट तपकिरी इंजिन ऑइलचा असतो. चाकाच्या आतील बाजूस निसरडा, फिकट पिवळा ओलावा दिसल्यास तो ब्रेक ऑइलचा समजून गाडी जागची हलवू नये.

चालकासमोरील पिवळा दिवा लवकर तपासणी करण्यास सांगतो. लाल दिवा थांबण्यास सांगतो. तेलाच्या दाबाचा लाल दिवा चालत्या गाडीत लागला तर त्याच क्षणी इंजिन बंद करावे. पुढच्या गावापर्यंत जाऊ, असे म्हणणाऱ्याचे इंजिन वाटेतच जाम होते. नव्या गाड्यांत स्टिअरिंगखाली एक खोबण असते. तीत लहानसे वाचक यंत्र जोडल्यास दोषाचा संकेतांक मिळतो. तो कोणत्या भागात पाहावयाचे ते सांगतो, कोणता भाग बदलावयाचा ते नव्हे.

घाट आणि ब्रेक

माळशेज उतरताना डिझेल वाचविण्यासाठी गाडी न्यूट्रलमध्ये सोडण्याची किंवा इंजिन बंद करण्याची खोड काही चालकांना असते. ही बचत नसून आत्मघात आहे. इंजिन बंद होताच ब्रेकला मिळणारे साहाय्य संपते, आणि न्यूट्रलमध्ये सर्व भार एकट्या ब्रेकवर पडून ते तापतात व धरीनासे होतात. ज्या गिअरमध्ये घाट चढावा लागतो, त्याच खालच्या गिअरमध्ये तो उतरावा.

ब्रेकचा पायखटका मऊ लागत असेल तर नळीत हवा आहे किंवा ब्रेक ऑइल जुने झाले आहे. हे तेल हवेतील ओलावा शोषते व त्यामुळे तापताच त्यात बुडबुडे होतात. म्हणून ते सामान्यतः दर दोन वर्षांनी बदलावे. घासल्याचा कर्कश आवाज, गाडी एका बाजूस ओढणे, पायखटका खाली जाणे, ह्यांपैकी काहीही आढळल्यास माल भरू नये. घाटात ब्रेक गेलाच तर पायखटका भराभर दाबावा, एकेक गिअर खाली आणावा आणि हातब्रेक हळूहळू ओढावा. टायरच्या नक्षीची खोली १.६ मिलिमीटरपेक्षा कमी झाली असता तो टायर रस्त्यावर आणू नये.

पुराच्या पाण्यातील गाडी

२६ जुलै २००५ रोजी उल्हास नदीच्या पुराने कल्याण, बदलापूर परिसरात हाहाकार केला. २७ जुलै २०१९ रोजी त्याच नदीच्या पाण्यात महालक्ष्मी एक्सप्रेस वांगणीजवळ अडकून शेकडो प्रवाशांना बाहेर काढावे लागले. अशा प्रसंगी बुडालेली गाडी पाणी ओसरल्यावर अधीरतेने सुरू करणे, ही सर्वांत महाग पडणारी चूक होय. हवा दाबली जाते, पाणी दाबले जात नाही. इंजिनात शिरलेल्या पाण्यावर दट्ट्या आदळला की कनेक्टिंग रॉड वाकतो व जे इंजिन धुऊन-पुसून चालले असते ते निकामी होते. म्हणून किल्ली फिरवू नये, ढकलूनही सुरू करू नये. बॅटरीची ऋण तार सोडावी, ऑइलची पट्टी काढून पाहावी. तेल दुधाळ दिसल्यास पाणी आत गेले आहे. गाडी ओढून मिस्त्रीकडे न्यावी.

काय हाती घेऊ नये

नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली शिरू नये. चाकांना दगडांची अटक लावून भक्कम आधार द्यावा. बंद खोलीत इंजिन चालू ठेवू नये, कारण त्याच्या धुरातील विषारी वायूस वास नसतो. सी.एन.जी. गाडीत गॅसचा वास आल्यास दारे उघडावी, टाकीची झडप बंद करावी व कोणतेही बटण दाबू नये. टाकीची तपासणी दर ३ वर्षांनी करून घ्यावी. विजेवर चालणाऱ्या गाडीतील नारिंगी तारांना हात लावू नये.

दर आठवड्याचा नियम

आठवड्यातून एकदा, शक्यतो बाजाराच्या आदल्या सायंकाळी, पंधरा मिनिटे काढावी. इंजिन ऑइल, कूलंट व ब्रेक ऑइल यांची पातळी, पट्टा, बॅटरीची टोके, स्टेपनीसह सर्व टायरांची हवा आणि सर्व दिवे पाहावेत. गाडीत पान्यांचा संच, जॅक, जोडतार, जादा फ्यूज, विजेरी व पाण्याचा डबा असावा. केलेले काम तारखेसह वहीत लिहावे. पुढील निदानास ही वही मिस्त्रीइतकीच उपयोगी पडते.

ग्रामकार्यकर्त्यांनी पावसाळ्यापूर्वी शेतकरी गटाची एक बैठक गाडीभोवतीच घ्यावी. चाक बदलणे, बॅटरीची टोके साफ करणे व जोडतार लावणे ही तीन कामे प्रत्येकाकडून, घरातील स्त्रियांकडून व मुलांकडूनही, प्रत्यक्ष करवून घ्यावी. पहाटे तीन वाजता अंगणात गाडी अडेल तेव्हा जवळ मिस्त्री नसेल. जे हात तेथे असतील, त्यांनाच हे यावयास हवे.