‘चावुंडराजे करवियले’ : लेखाचा काळ कसा ठरवावा?



मराठीतील पहिले कोरीव वाक्य कोणते, असे विचारले असता तुमच्यापैकी बहुतेक जण शाळेत पाठ केलेले उत्तर देतील : श्रवणबेळगोळ येथील ‘श्री चावुंडराजे करवियले’, इ. स. ९८३. मीही परीक्षेत हेच लिहिले होते आणि त्याचे पूर्ण गुणही मिळाले होते. हा सन आला कोठून, हे मात्र तेव्हा मी विचारले नाही. तुम्ही ते विचारावे.

लेखात सन कोरलेला नाही. गंग राजांचा अमात्य चावुंडराय याने गोमटेश्वराची मूर्ती ९८१ ते ९८३ च्या सुमारास उभारली, म्हणून मूर्तीचा काळ लेखालाही देण्यात आला. पण ‘करवियले’ हे क्रियापद नीट पाहा. ते प्रयोजक आहे आणि भूतकाळाचे आहे. मूर्ती कोणी करवून घेतली, एवढेच ते सांगते. ही अक्षरे केव्हा कोरली, याविषयी ते काहीच सांगत नाही. ‘शाहजहानने ताजमहाल बांधविला’ हे वाक्य आपण आजही लिहितोच.

आता दुसरी ओळ वाचा. पाठ केलेल्या उत्तरातून ती बहुधा गळते : ‘श्री गंगराजे सुत्ताले करवियले’. सुत्ताले म्हणजे मूर्तीभोवतीचा प्राकार. गंगराज हा होयसळ राजा विष्णुवर्धन याचा सेनापती. प्राकाराचे हे काम १११७ च्या सुमाराचे. पहिली ओळ ९८३ ची मानली, तर दोन ओळींत सव्वाशेहून अधिक वर्षांचे अंतर पडते. एवढ्या काळात नागरी अक्षरांची वळणे बदलतात. येथे मात्र दोन्ही ओळींचे वळण सारखेच आहे. म्हणून दोन्ही ओळी गंगराजाच्या काळात एकाच वेळी कोरल्या गेल्या, हे मत अधिक ग्राह्य ठरते.

यावर वर्गात हमखास एक नाराजीचा सूर उमटतो : मग आपली मराठी अर्वाचीन ठरली का? तसे नाही. लेखाचे वय आणि भाषेचे वय या भिन्न गोष्टी आहेत. शिवाय सोलापूर जिल्ह्यातील कुडल येथील मराठी लेखात शक ९४०, म्हणजे इ. स. १०१८, हा काळ लेखातच नोंदलेला आहे.

स्वाध्याय : अलिबागजवळील अक्षी येथील लेखाचा शक काही अभ्यासक ९३४ असा वाचतात, इतरांना ते वाचन मान्य नाही. शं. गो. तुळपुळे संपादित ‘प्राचीन मराठी कोरीव लेख’ (१९६३) या ग्रंथात हा लेख पाहा. वहीचे पान उभे दुमडून एका बाजूस दगडावर प्रत्यक्ष काय आहे ते लिहा आणि दुसऱ्या बाजूस संपादकाने अनुमानाने काय भरले आहे ते लिहा.